नव्याचे नऊ दिवस, आणि दहाव्या दिवसापासून पुढे

कल्याण पूर्वेला आम्ही घर घेतलं ते गॅलरीसाठी. सातवा मजला, समोर मोकळं आणि लांबवर मलंगगडाचा उभा सुळका. बिल्डरच्या माणसाने दार उघडून दाखवलं तेव्हा मी आणि नवरा, दोघंही काही न बोलता तिथेच उभे राहिलो. त्याच मजल्यावर मागच्या बाजूचा फ्लॅट स्वस्त होता. आम्ही जास्तीचे पैसे भरून पुढचा घेतला. पहिले काही आठवडे सकाळचा चहा रोज गॅलरीत व्हायचा, येईल त्या पाहुण्याला आधी गड दाखवला जायचा.

चार वर्षांनी सांगलीहून मावशी राहायला आली. सकाळी उठून तिने गॅलरीचा पडदा ओढला. जोर लावावा लागला, कारण पडद्यामागे कपडे वाळत घालायचा स्टँड आणि रद्दीचा गठ्ठा होता. "अगं, एवढा गड दारात उभा, आणि तुम्ही पडदे लावून बसता?" ती म्हणाली. तिला खरंच नवल वाटलं होतं. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. पाऊस नुकताच सरला होता, सुळक्याखालचा उतार अजून हिरवागार होता. आपण याच्याकडे शेवटचं कधी पाहिलं, ते मला काही केल्या आठवेना.

त्या सकाळपासून मी या एकाच प्रश्नाच्या मागे लागले आहे. आवडीची गोष्ट हाताशी असूनही तिचा आनंद का उरत नाही, आणि तो परत आणता येतो का? वाचलं बरंच, करूनही पाहिलं. जे समजलं आणि जे घरात टिकलं, ते इथे सांगते.

मेंदू सवयीच्या गोष्टीकडे बघणं का सोडतो

'नव्याचे नऊ दिवस' हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. मानसशास्त्रानेही हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत मांडली. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली सुखाला ट्रेडमिलची उपमा दिली. पाय चालत राहतात, घाम येतो, पण माणूस जागच्या जागीच. नवी गाडी, वाढलेला पगार, मोठं घर: प्रत्येक वेळी आनंदाची एक उसळी येते आणि काही दिवसांत आपण पुन्हा आधीच्याच पातळीवर.

यात आपला कृतघ्नपणा नाही, हे आधी समजून घेऊ. शरीराची रचनाच तशी आहे. कोणाच्या घरात शिरताना अगरबत्तीचा वास येतो, दहा मिनिटांनी तो येईनासा होतो. अगरबत्ती विझलेली नसते. डोळ्यांचंही तेच. इग्नाझ ट्रॉक्स्लर या स्विस वैद्याने १८०४ साली लिहून ठेवलं की एका बिंदूवर नजर अगदी स्थिर ठेवली, तर आजूबाजूच्या फिकट खुणा हळूहळू दिसेनाशा होतात. भिंतीवरच्या एखाद्या ठिपक्याकडे अर्धा मिनिट टक लावून बघा, अनुभव येईल. चेतासंस्था सगळ्यात जास्त दखल घेते ती बदलाची. जे कालही होतं आणि आजही आहे, त्यावर ती शक्ती खर्च करत नाही. जंगलात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांना रोजच्या झाडापेक्षा आज हललेलं झुडूप दिसणं जास्त गरजेचं होतं.

त्याहून बारकाईने पाहायचं तर मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांचे प्रयोग पाहावे लागतात. १९९० च्या दशकात त्यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशींचं निरीक्षण केलं. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की त्या पेशी जोरात चेतायच्या. मग रसाच्या थोडं आधी दरवेळी एक खूण दिली जाऊ लागली. काही दिवसांनी पेशी त्या खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळाला तेव्हा गप्प राहिल्या. रस तोच, गोडीही तीच, पण तो 'येणारच' होता. आणि खूण होऊनही रस आला नाही, तर पेशींची हालचाल नेहमीपेक्षाही खाली गेली.

पगाराच्या मेसेजवर हे ताडून पाहा. पहिल्या नोकरीतल्या पहिल्या पगाराचा दिवस आपल्याला आयुष्यभर आठवतो. आता एक तारखेला मेसेज येतो, आपण तो पाहतो न पाहतो. पण तोच मेसेज तीन तारखेपर्यंत आला नाही की जीव कासावीस होतो. अपेक्षेइतकं मिळालं की मेंदूच्या लेखी काही घडलेलंच नसतं.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण हल्ली तो सगळीकडे आहे. डोपामिनला 'आनंदाचं रसायन' म्हणणं फार ढोबळ आहे. त्याचा संबंध मुख्यतः अपेक्षा, ओढ आणि शिकण्याशी आहे. एखाद्या गोष्टीची ओढ वाटणं आणि ती मिळाल्यावर ती आवडणं, या मेंदूतल्या बऱ्याच वेगळ्या प्रक्रिया आहेत. म्हणून रात्री बारा वाजता आपण मोबाइलवर बोट सरकवत राहतो आणि त्यातलं काहीच आवडलेलं नसतं.

ब्रिकमन यांचा दुसरा अभ्यास १९७८ सालचा. त्यात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लॉटरीचं मोठं बक्षीस मिळालेल्या २२ जणांना रोजच्या साध्या गोष्टींबद्दल विचारलं: मित्राशी गप्पा, टीव्ही बघणं, नाश्ता करणं, कोणीतरी केलेलं कौतुक. लॉटरी न लागलेल्या लोकांपेक्षा या विजेत्यांना त्या गोष्टींत कमी मजा वाटत होती. एका मोठ्या शिखरावर जाऊन आल्यावर बाकीच्या टेकड्या सपाट वाटाव्यात, तसं काहीसं.

अभ्यास लहान होता आणि त्यावरून 'पैशाने काही होत नाही' असं म्हणणं चूक आहे. स्वीडनमधल्या लॉटरी विजेत्यांवरचा खूप मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात पैसे मिळाल्यावर आयुष्याबद्दलचं एकूण समाधान वाढलं आणि दहा वर्षांनंतरही टिकलं. पण रोजच्या दिवसातल्या आनंदावरचा परिणाम त्यामानाने फारच कमी दिसला. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. 'आयुष्य कसं चाललंय?' याचं उत्तर एक आणि 'आजचा दिवस कसा गेला?' याचं उत्तर दुसरं. पहिल्यासाठी पैसा, नोकरी, तब्येत, घर हे सगळं लागतं आणि त्याची चिंता कोणत्याही सवयीने मिटत नाही. मी बोलते आहे ते दुसऱ्या प्रश्नाबद्दल. तिथे छोट्या गोष्टी खूप काम करतात.

सासूबाईंचा चहा

माझ्या सासूबाई दर चातुर्मासात चहा सोडतात. आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा कप, आणि मग एकदम कार्तिकी द्वादशीला. त्या द्वादशीच्या सकाळी त्या ओट्यापाशी दुसऱ्या कोणाला फिरकू देत नाहीत. आधण स्वतः ठेवतात. आलं किसत नाहीत, खलबत्त्यात ठेचतात. कुंडीतल्या गवती चहाची दोन पाती कात्रीने कापून आणतात आणि पातेल्यात टाकण्याआधी एकदा नाकाशी धरतात. दूध वेगळं तापवलेलं असतं. चहा कपात गाळतात, कपातून बशीत ओततात, फुंकर घालतात, पहिला घोट घेतात आणि डोळे मिटतात. घरात त्या वेळी कोणी त्यांच्याशी बोलत नाही. मग म्हणतात, "हं. आता झाली माझी दिवाळी."

त्याच दिवशी माझे चार कप झालेले असतात. एकाचीही चव सांगता येणार नाही.

नेमामागची श्रद्धा त्यांची आहे, तिच्याबद्दल मी काही म्हणणार नाही. मी बोलते ती फक्त चवीबद्दल. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१३ साली नेमका असाच प्रयोग चॉकलेटवर केला. काही जणांना आठवडाभर चॉकलेट बंद, काहींना भरपूर चॉकलेट देऊन हवं तेवढं खायची मुभा, काहींना कसलीच सूचना नाही. आठवड्यानंतर सगळ्यांना पुन्हा एकेक तुकडा दिला. ज्यांनी आठवडा पाळला होता, त्यांना तो सगळ्यात जास्त आवडला. एका आठवड्याच्या खंडात हे होतं, तर चार महिन्यांनंतरच्या त्या घोटाची कल्पना करा.

आपल्या पंचांगात असे खंड जागोजागी आहेत. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. त्या दिवशी भजी, थालीपीठ, झुणका, कांद्याचं जे म्हणून होतं ते पोटभर, कारण पुढे चार महिने घरात कांदा-लसूण नाही. वांग्याचं तर आणखी लांबतं. जुन्या वळणाच्या घरात आषाढात बंद झालेलं वांगं थेट मार्गशीर्षात, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच ताटात येतं. निखाऱ्यावर भाजलेल्या त्या पहिल्या वांग्याचा धूर ज्यांच्या नाकात आहे, त्यांना यापुढचं समजावून सांगायची गरज नाही. चकली, करंजी, अनारसे हेही पूर्वी वर्षातून एकदाच व्हायचे. आता कोपऱ्यावरच्या दुकानात बारा महिने पाकिटं टांगलेली असतात आणि दिवाळीच्या फराळाचं ताट अर्धं परत जातं. फराळ करणाऱ्या हातांची चव गेली असं आपण म्हणतो. माझ्या मते त्यातलं बरंचसं आपल्या जिभेचं आहे, जिला वाट बघायलाच मिळाली नाही.

चार महिने चहा सोडणं मला जमणार नाही. मी गुरुवारी चहा घेत नाही, एवढंच ठरवलं. शुक्रवारचा पहिला कप आता मला आठवतो. मुलीने आवडती मालिका एका रात्रीत संपवायचं सोडून रोज एकच भाग बघायचा ठरवलं. आवडत्या गोष्टीचे असे तुकडे करण्यालाही आधार आहे. लीफ नेल्सन आणि टॉम मेव्हिस या संशोधकांनी २००८ साली दाखवलं की मालिश सलग करण्यापेक्षा मध्ये थोडं थांबून पुन्हा सुरू केली, तर लोकांना ती जास्त सुखावह वाटते. खंड पडला की सवय मोडते आणि दुसरा भाग पुन्हा नवा होतो.

याच अभ्यासाची उलटी बाजू मला जास्त उपयोगी पडली. त्रासदायक आवाज मध्येच थांबवून पुन्हा सुरू केला, तर लोकांना तो अधिक त्रासदायक वाटला. म्हणजे नावडतं काम तुकड्यातुकड्यांनी करू नये. मी इस्त्री करताना दर दोन शर्टांनंतर उठायची, पाणी प्यायची, मोबाइल बघायची, आणि दरवेळी परत बसताना तोच कंटाळा नव्याने यायचा. आता एका बैठकीत ढीग संपवते. दहा मिनिटांनंतर हाताला आपोआप लय लागते.

शिवाय काही कटकटींची सवय होतच नाही. नव्याने झालेल्या महामार्गालगत राहणाऱ्या लोकांना वर्षभरानंतरही त्या गोंगाटाची सवय झालेली नव्हती, असं एका अमेरिकन अभ्यासात दिसलं. म्हणून घरात थोडे पैसे खर्च करायचे असतील, तर नव्या शोभेच्या वस्तूआधी तो करकरणारा पंखा, ठिबकणारा नळ, दरवेळी खांदा लावून ढकलावा लागणारा बाथरूमचा दरवाजा दुरुस्त करा. शोभेची वस्तू नऊ दिवसांत दिसेनाशी होईल. दरवाजा रोज अडला असता.

ताटात एक, मनात दुसरं

२०१० साली मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्डच्या संशोधकांनी २,२५० लोकांना दिवसभरात अवचित वेळी फोनवरून तीन गोष्टी विचारल्या: आत्ता काय करताय, मनात तेच आहे की दुसरं काही, आणि बरं वाटतंय का. जवळजवळ ४७ टक्के वेळा लोकांचं मन हातातल्या कामात नव्हतं. आणि मन दुसरीकडे असताना लोक कमी आनंदी होते. मन चांगल्या विचारांत रमलेलं असलं, तरी हातातल्या कामात असण्यापेक्षा ते जास्त सुखी नव्हतं. एरवी कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामांतही हेच दिसलं.

यावर लोक लगेच ध्यानधारणेकडे वळतात. ज्याला जमतं त्याने जरूर करावी. मला रोज वीस मिनिटं बसणं कधीच साधलं नाही. जमलं ते एवढंच: जेवताना पहिले तीन घास दुसरं काही न करता खायचे. वरणभाताचा पहिला घास घेतला की तुपाचा वास आधी येतो, मग मीठ, आणि लिंबू अगदी शेवटी लागतं. हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. चौथ्या घासापासून गप्पा सुरू.

जेवताना फोन मात्र खोलीबाहेर. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीनशेहून अधिक लोक आपल्या माणसांबरोबर बाहेर जेवायला गेले. काहींना फोन टेबलावर ठेवायला सांगितलं, काहींना बाजूला. फोन टेबलावर असलेल्यांचं लक्ष जास्त विचलित झालं आणि जेवणाची मजा कमी झाली. फरक प्रचंड नव्हता, पण जेवण रोज दोनदा असतं.

फोटोंच्या बाबतीत मी पूर्वी फार कडक होते. सहलीला गेलं की 'डोळ्यांनी बघा, फोन ठेवा' असं मुलांना सारखं म्हणायची. नंतर कळलं की गोष्ट इतकी सरळ नाही. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी २०१४ साली एका संग्रहालयात प्रयोग केला. ज्या वस्तूंचे लोकांनी पूर्ण फोटो काढले, त्या त्यांना कमी आठवल्या. पण जिथे त्यांना वस्तूचा एखादाच भाग जवळून टिपायला सांगितला होता, तिथे आठवण शाबूत राहिली. काय टिपायचं हे शोधताना आधी नीट बघावं लागतं. तेव्हा मी आता मुलांना म्हणते, अख्ख्या देवळाचे वीस फोटो काढण्यापेक्षा एका खांबावरचं तुला आवडलेलं एक फूल शोध आणि त्याचा काढ. मुलगा एका खांबाभोवती पाच मिनिटं फिरला होता.

आढी

लहानपणी मे महिन्यात रत्नागिरीकडच्या आजोळहून कच्च्या आंब्यांची पेटी यायची. बाबा मागच्या खोलीच्या कोपऱ्यात पेंढा पसरून आढी लावायचे. पेंढ्याचा थर, आंबे, वर पुन्हा पेंढा. दोन-तीन दिवस काही नाही. मग शाळेच्या सुट्टीतल्या एका सकाळी उशिरा जाग यायची तेव्हा खोलीतून पहिला वास यायचा. बाबा रोज आढी उलगडून एकेक फळ हातात घ्यायचे, देठाजवळ नाक न्यायचे, अंगठ्याने हलकेच दाबायचे. आम्ही तिघं भावंडं उंबऱ्यावर. "झाले का?" "अजून दोन दिवस." जो डागी निघेल तो लगेच कापला जायचा आणि त्याच्या चांगल्या अर्ध्या भागाची वाटणी व्हायची. खऱ्या आमरसाच्या आधी आठवडाभर आम्ही आंबा नाकाने आणि कानाने खात होतो.

आता पिकलेला आंबा दारात येतो, त्याच दिवशी संपतो. सोय आहे, मी ती नाकारत नाही. पण तो आधीचा आठवडा गेला. नेदरलँड्समधल्या १,५३० लोकांवरच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की सुट्टीवर जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी असतात ते सुट्टीच्या आधी. परत आल्यावर, फारच निवांत सुट्टी झालेले वगळता, दोघांत फरक उरत नाही. म्हणजे आनंदाचा एक मोठा हिस्सा वाट बघण्यातच असतो, आणि तो जवळजवळ फुकट मिळतो.

म्हणून आमच्याकडे आता अचानक ठरवून बाहेर जाणं कमी झालं आणि आधी जाहीर करणं वाढलं. नाटकाची तिकिटं पंधरा दिवस आधी काढायची आणि फ्रिजवर लावायची. रविवारी पुरणपोळी असेल तर बुधवारी सांगायचं. गेल्या वर्षीपासून आंब्याची एक पेटी मुद्दाम कच्ची मागवते. पेंढा मिळतो, विचारलं की फळवालाच देतो.

"आई, मी आज पकड केली!"

या सगळ्यात माझं मन ज्या गोष्टीत सर्वांत जास्त गुंतलं, ती म्हणजे दुसऱ्याने आणलेली चांगली बातमी आपण कशी घेतो. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. माणूस आपली छोटी-मोठी आनंदाची गोष्ट कोणाला तरी सांगतो तेव्हा त्याचा आनंद वाढतो, पण तो बराचसा ऐकणाऱ्यावर अवलंबून असतो. ऐकणारा खुलून, आणखी विचारून प्रतिसाद देत असेल तर आनंदही वाढतो आणि नातंही घट्ट होतं. नुसतं 'छान' म्हणून विषय संपवला, खोट काढली किंवा लक्षच दिलं नाही, तर सांगणारा हळूहळू सांगणं सोडतो. गेबल यांच्या अभ्यासांत जोडप्यांच्या नात्याची तब्येत संकटातल्या आधारापेक्षाही अशा चांगल्या बातमीच्या वेळच्या प्रतिसादावरून अधिक चांगली ओळखता आली. मला हे वाचून धक्का बसला. दुःखात धावून जायचं आपल्याला शिकवलेलं असतं. सुखात धावून जायचं कोणी शिकवत नाही.

माझा मुलगा दहा वर्षांचा होता. दारातूनच ओरडत आला, "आई, मी आज कबड्डीत पकड केली!" मी म्हणाले, "बरं, आधी पाय धू. आणि गुडघा बघ किती खरचटलाय." तो पाय धुवायला गेला. त्या दिवशी मला यात काहीच वावगं वाटलं नाही. आज वाटतं, कारण पुढे दोन-तीन वर्षांत त्याने शाळेतलं सांगणं खूपच कमी केलं.

आपल्या घरांमध्ये हे जास्तच होतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. उतू नये, मातू नये. फार हुरळू नकोस. दृष्ट लागेल. आता पुढच्या परीक्षेचं बघ. यामागे प्रेम आहे, मूल गर्वाने बिघडू नये ही काळजी आहे. नम्रता मलाही हवी आहे. पण दहा वर्षांच्या मुलाच्या पाच मिनिटांच्या आनंदाने कोणाचं डोकं फिरत नाही. त्याला फक्त एवढं विचारायला हवं होतं: "कशी केलीस? घोट्याला धरलंस की कमरेला? मग तो सुटायला बघत होता का?" तीन प्रश्न. त्याने ती पकड स्वयंपाकघरात करून दाखवली असती आणि त्याला ती दुसऱ्यांदा मिळाली असती. आता तो कॉलेजात आहे. फोनवर काही चांगलं सांगितलं की मी गॅस बंद करते, बसते आणि विचारते.

अनोळखी माणसांचंही थोडं सांगते. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या संशोधकांनी शिकागोच्या लोकलमधल्या प्रवाशांवर केलेला प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. शेजाऱ्याशी बोलणं नकोसं होईल असं लोकांना आधी वाटत होतं. ज्यांना प्रत्यक्ष बोलायला सांगितलं, त्यांचाच प्रवास सर्वांत चांगला गेला. मध्य रेल्वेच्या लेडीज डब्यात हे सिद्ध करायला प्रयोग लागत नाही. तिथे अनोळखी मांडीवर पिशवी ठेवून मेथी निवडली जाते, डोहाळजेवणं होतात, दसऱ्याला डब्याला तोरण लागतं. कोरोनानंतर मी बरीच वर्षं कानात इअरफोन घालून प्रवास केला. आता एका बाजूचा काढून ठेवते.

कृतज्ञतेची वही, म्हणजे ज्यांबद्दल आभारी वाटतं त्या गोष्टी लिहून ठेवणं, बऱ्याच जणांना माहीत असते. एकच सांगते: रोज लिहू नका. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. वहीचेही नऊ दिवस असतात. आणि 'कुटुंब, आरोग्य, घर' असं मोघम लिहिण्यापेक्षा 'आज रिक्षावाल्याने पाऊस होता म्हणून थेट गेटाच्या आत सोडलं' असं लिहिलं तर ती गोष्ट पुन्हा डोळ्यांपुढे येते.

एक गोष्ट मात्र काळजीने सांगायची आहे. वर लिहिलेलं सगळं सवयीने बोथट झालेल्या आनंदाबद्दल आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आवडती माणसंही नकोशी वाटत असतील, तर ते नैराश्य असू शकतं. ते आजारपण आहे, त्यावर उपचार आहेत, आणि चहा सोडून किंवा वही लिहून ते बरं होत नाही. डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस सुरू असते आणि मराठीतून बोलता येतं. अशा माणसाला 'छोट्या गोष्टींत आनंद शोध' असं सांगू नका, त्याच्याबरोबर दवाखान्यात जा.

गॅलरीतला स्टँड आता मागच्या खोलीत गेला आहे. रद्दी दर महिन्याला देते. तरीही खरं सांगायचं तर पडदा उघडा असूनही गड पुन्हा दिसेनासा व्हायला लागला होता. तो परत आणला तो मावशीने. ती आता सांगलीहून फोन करते तेव्हा तब्येत, पाणी, भाव हे सगळं नंतर येतं. पहिला प्रश्न ठरलेला: "गड दिसतोय का गं आज?" आणि उत्तर द्यायचं म्हणून मला फोन कानाला लावून गॅलरीत जावं लागतं. काल विचारलं तेव्हा खाली सगळे ढग होते, वर नुसता माथा. मी तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, "थांब, ठेवू नकोस. ढग सरकतायत का बघ." आम्ही दोघी फोनवर थांबलो.